कुत्रं म्हणा, पाखरू म्हणा

काराजार नावाच्या डोंगरवस्तीतल्या त्या घरात एक शब्द कुणी उच्चारत नसे. शब्द तसा साधाच. मेंढ्या राखणाऱ्याच्या तोंडी दिवसातून दहा वेळा यावा असा. आपल्याकडे त्या जनावराला लांडगा म्हणतात आणि मी इथं बेधडक लांडगा म्हणणार आहे, कारण मराठी त्याला कळत नाही. त्याचं तिकडचं खरं नाव मात्र गरज पडेपर्यंत मीही घेणार नाही. त्या लोकांत इतकी वर्षं काढल्यावर जीभ आपोआप आवरती होते.

नारीन नदीच्या वरच्या अंगाला हिवाळ्यात कुणीच ते नाव घेत नाही. तिथं म्हणतात 'इतकुश'. इत म्हणजे कुत्रं आणि कुश म्हणजे पाखरू. नवख्याला प्रश्न पडतो, पंख नाहीत, चोच नाही, मग यात पाखरू कुठून आलं? म्हातारे म्हणतात, तिथंच तर मेख आहे. तो सदा कान देऊन असतो. नाव कानावर पडलं की आपल्याला बोलावलं असं समजून येतो. म्हणून त्याला असं काहीतरी म्हणायचं, की ऐकून त्याला वाटावं, ही माणसं आपल्याबद्दल नव्हेच, कुत्र्यांबद्दल आणि पाखरांबद्दल बोलताहेत. आपल्याकडे तिन्हीसांजेनंतर सापाला जनावर म्हणतात, त्यातलाच हा प्रकार.

बाकीच्या घरांत बर्फ वितळलं की जिभा सैल होत. या घरात उन्हाळ्यातसुद्धा नाही. कारण घरच्या कर्त्या पुरुषाचं नाव त्याच जनावरावरून ठेवलेलं होतं. तिकडं बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. सून तर सासरच्या कुठल्याच वडीलधाऱ्याचं घेत नाही, मग तो जिवंत असो की मेलेला. नुसतं नावच नाही, त्या नावातला शब्दही ती टाळते. सासऱ्याचं नाव दगडावरून असेल तर ती जन्मभर दगडाला 'ते कठीण' म्हणत राहील, पण दगड म्हणणार नाही. लोक त्यावरून सुनेचं माहेर जोखतात.

बुरुल त्या घरात सून म्हणून आली तेव्हा पहिल्याच हिवाळ्यात तिची परीक्षा झाली. पलीकडच्या खोऱ्यातले जापारअके शिकारी माणूस, जिभेला हाड नाही. जेवायला आले होते. मटणाचा शेवटचा तुकडा तोंडात टाकून, बोटांची चरबी बुटांना पुसत त्यांनी सुनेला, तिकडच्या शब्दात केलिनला, विचारलं, "काय केलिन, काल माझी दोन कोकरं गेली. कुणी नेली असतील?"

सगळ्यांचे कान सुनेकडे लागले. बुरुल रुमालाआडून म्हणाली, "न बोलावता येतो, भरपेट खातो आणि जाताना आशीर्वादही देत नाही, तोच असणार. तुमच्या ओळखीतला असेल."

जेवून झाल्यावर चेहऱ्यावरून हात फिरवून घराला आशीर्वाद द्यायचा असतो, तो जापारअके विसरले होते. घर हसून लोळलं. सासरे तर इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्या दिवसापासून ते सुनेच्या बाजूचे झाले.

सासरे माणूस मऊ होता. उंच, थोडा वाकलेला, सारखा कुणाची तरी माफी मागत असल्यासारखा. त्यांच्या आईची पाच मुलं पाळण्यातच गेली होती. सहावे हे. म्हणून त्यांच्या आईनं जुना उपाय केला. लांडग्याच्या तोंडाची कातडी ओठांसकट गोल काढून वाळवलेली असते, कड्यासारखी. त्या कड्यातून बाळ पार करायचं आणि त्याला त्या जनावराचं नाव द्यायचं. म्हणजे मूल त्याच्या घासातून निघालं, त्याचंच झालं, आणि आपल्याच पोराला कुणी खात नाही. सासरे जगले. पन्नासेक वर्षं त्यांनी मेंढ्या राखल्या आणि त्यांच्या मेंढवाड्यात लांडगा कधी शिरला नाही. जापारअके म्हणायचे, भाऊबंदकी आहे, दुसरं काय.

त्यांची एक सवय बुरुलच्या मनात बसली होती. तिकडचा कुठलाही भला पुरुष घरात शिरण्याआधी बाहेर खाकरतो, आत सून असेल तर तिला रुमाल पुढं ओढायला वेळ मिळावा म्हणून. पण सासऱ्यांचं खाकरणं निराळं. आधी दोनदा कोरडं, मग जरा थांबून एकदा लांब, जणू काही विचारायचं आहे आणि धीर होत नाही. ते ऐकलं की बुरुलचा हात आपसूक रुमालाकडे जाई. माहेरी बापाचा धाक होता. इथं हा माणूस स्वतःच्या घरात शिरायला सुनेची परवानगी मागतो, या विचारानं तिला कुठंतरी भरून येई.

तिच्या लग्नाचा दुसरा हिवाळा चालू होता. एक मेंढी भरकटली म्हणून सासरे घोड्यावर बसून गेले. भुरभुर बर्फ होतं, वादळ नव्हतं. दिवस मावळता घोडा एकटाच परत आला. घाबरलेला नाही, घामेजलेला नाही. लगाम त्याच्या पायांत येऊ नये म्हणून खोगिराला नीट बांधलेला होता. आपल्या मर्जीनं उतरलेला माणूस बांधतो तसा.

पुढं वसंतात त्यांची पांढरी टोपी सापडली. एका सपाट दगडावर ठेवलेली, वाऱ्यानं उडू नये म्हणून वर एक छोटा दगड. हाडं नाहीत, कपड्याची चिंधी नाही. कबर खणायला काही उरलंच नव्हतं, म्हणून नुसती प्रार्थना झाली, मोठं जेवण झालं, रीतीप्रमाणे त्यासाठी एक घोडा कापला गेला. लोक म्हणाले, थंडीनं गेले असतील आणि नंतर... पुढचं वाक्य या घरात कुणाला पुरं करता येईना. बुरुलची सासू कालिपा हिनं एवढंच विचारलं, रक्ताचा डाग होता का टोपीवर? नव्हता म्हटल्यावर तिनं मान हलवली आणि टोपी पेटीत ठेवली, त्या वाळलेल्या कड्याच्या शेजारी.

त्यानंतर बुरुलला मूल झालं. मुलगी. तिकडं बाळाला चाळिसाव्या दिवशी चाळीस घरांच्या चिंध्या जोडलेला अंगरखा घालतात. अंगरखा शिवून झाला, पण घालायला बाळ राहिलं नाही. दोन वर्षांनी मुलगा झाला, त्याचंही तेच. दोन्ही बाळं तशी आजारी नव्हती. दूध पिणं कमी झालं, रडणं कमी झालं, आणि एका सकाळी काहीच उरलं नाही. तालुक्याच्या नर्सनं थंडी म्हटलं. बुरुल ते दोन अंगरखे उशाशी घेऊन झोपायची, आणि नवरा मेदेर ते पाहून तोंड फिरवून झोपायचा. बिचारा करणार तरी काय.

तिसऱ्या खेपेला कालिपानं सुनेला विचारलंसुद्धा नाही. पानगळीचे दिवस होते, मुलगा झाला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हातारीनं पेटी उघडली आणि ते कडं बाहेर काढलं. काळं, कडक, कडेला पांढरे केस आणि दोनचार ताठ मिशा अजून रुतलेल्या. घरात जुन्या चामड्याचा वास पसरला.

रीत अशी होती. आजीनं बाळ आतून कड्यातून पार करायचं, आईनं उंबऱ्यात उभं राहून डोंगराकडच्या बाजूनं ते घ्यायचं. असं तीनदा. मग आईनं डोंगराकडे तोंड करून मोठ्यानं सांगायचं, हा तुझ्या घासातून निघाला, हा तुझाच, आपल्याच पोराला कुणी खात नाही. आणि शेवटी त्या जनावराचं खरं नाव घेऊन हाक मारायची, म्हणजे त्याला कळतं आपल्यालाच सांगताहेत. हे आईनंच करायचं, कारण देणारी तीच.

बुरुल उंबऱ्यात उभी राहिली. बाळ हातात होतं, ऊबदार, जड. समोर डोंगर, त्यावर नुकतं पडलेलं बर्फ. तिनं सगळे शब्द बरोबर म्हटले. नाव घ्यायची वेळ आली आणि जीभ टाळ्याला चिकटली. मागं सासू बसली होती. ज्या माणसानं कधी न खाकरता घरात पाऊल टाकलं नाही, ज्याला मूठभर मातीही मिळाली नाही, त्याचं नाव त्याच्याच दारात उभं राहून, त्याच्या बायकोसमोर, असं ओरडून घ्यायचं? तिच्या कानात आईचा आवाज आला, सून नावानं ओळखली जात नाही, न घेतलेल्या नावानं ओळखली जाते.

"इतकुश," ती म्हणाली. "हा तुझा."

आत कालिपाचे हात क्षणभर थबकले. मग तिनं ते कडं कापडात गुंडाळलं आणि पेटी बंद केली. बाळाचं नाव ठेवलं तोक्तो, म्हणजे थांब. आपल्याकडे दगडू-धोंडू ठेवतात तसं.

चाळिसावा दिवस आला आणि गेला. अंगरखा बाळाच्या अंगावर चढला. बुरुल त्या दिवशी शेगडीपाशी बसून इतकी रडली की मेदेर घाबरला. मग तोही रडला. मेंढ्यांची मोजदाद करताना गाणं म्हणू लागला, आणि गळा असा की मेंढ्या बावचळल्या. त्या घरात हसू परत आलं होतं.

मग बर्फ पक्कं झालं आणि पावलं दिसू लागली.

पहिल्यांदा ती बुरुलनंच पाहिली. सकाळी शेण्या आणायला दार उघडलं तर घराभोवती माग. कुत्र्याच्या पावलापेक्षा मोठा आणि लांबट. मेंढवाड्याकडे फिरकलाही नव्हता. घराला एक फेरी घातलेली, आणि मग दारासमोर, उंबऱ्यापासून हातभर अंतरावर, चार पावलं एका जागी दाबलेली. बर्फ तिथं वितळून पुन्हा गोठलं होतं. कुणीतरी बराच वेळ उभं होतं.

घरचा कुत्रा मोयनोक, ज्यानं एका अस्वलाला पळवलं होतं, तो भिंतीला लागून हनुवटी जमिनीला टेकवून पडला होता. भुंकला नव्हता. बुरुलनं हाक मारली तेव्हा त्यानं डोळे तेवढे वर केले.

दुसऱ्या दिवशी तेच, आणि नंतर बहुतेक रोजच. मेदेरनं बंदूक घेऊन दोन रात्री जागून काढल्या, पण काही दिसलं नाही. सकाळी माग मात्र होताच. जापारअकेंना बोलावलं. ते गुडघ्यावर बसले, पावलांवर हात फिरवला, आणि नेहमीची थट्टा त्यांच्या तोंडून निघाली नाही.

"याला मेंढी नकोय," ते मेदेरला म्हणाले. "बघ कुठं थांबतो. दार बंद असलं की पाहुणा जिथं थांबतो, तिथं."

बुरुलनं ते आतून ऐकलं. तिनं मागं वळून पाहिलं, तर पाळण्यातलं बाळ जागं होतं आणि दाराकडे बघत होतं. त्या दिवसापासून तिच्या लक्षात येऊ लागलं. बाळ कमी रडत होतं. दूध ओढता ओढता मधेच थांबायचं, मान वळवायचं, ऐकायचं. बाहेर बर्फ करकरलं की अगदी निपचित व्हायचं. तिला पहिल्या दोघांचे शेवटचे दिवस आठवले. तेव्हाही दाराशी माग असायचे. तेव्हा पुरुष म्हणाले होते, कुत्र्याचे असतील, आणि तिनं ते मानून घेतलं होतं.

हिवाळा मध्यावर असताना बाळाला ताप भरला. दोन दिवस त्यानं छातीला तोंड लावलं नाही. तिसऱ्या दिवशी पहाटेच मेदेर घोड्यावर बसला. खाली गावातून नर्सला घेऊन येतो म्हणाला. बुरुलनं त्याच्या खिशात तळलेल्या पिठाचे तुकडे भरले आणि घोड्याच्या मानेवर हात ठेवला. तो खिंड ओलांडतोय तोच आभाळ खाली उतरलं. दुपारपर्यंत घर आणि मेंढवाडा यांच्यामधली भिंतसुद्धा दिसेनाशी झाली. दोन बायका, एक बाळ, शेगडी, आणि बाहेर सगळं पांढरं.

कालिपानं मेंढीची चरबी गरम करून बाळाच्या छातीला चोळली. कांद्याचा रस दिला. प्रार्थना म्हटली. बाळ हळूहळू थंड पडू लागलं. ताप उतरण्याचं थंड नव्हे ते. बुरुलला ते थंड ओळखीचं होतं. तिनं बाळाला सदऱ्याच्या आत, उघड्या अंगाला लावून घेतलं, वर बुरणूस ओढला आणि डोलत राहिली.

तेव्हा बाहेर करकर झाली. वादळाच्या आवाजातही ऐकू यावी इतकी जवळ. घराच्या मागच्या अंगानं सुरू होऊन भिंतीच्या कडेकडेनं ती आली आणि दारासमोर थांबली. मोयनोक शेगडीमागं जाऊन बसला होता. बाळानं मान वळवली आणि दाराकडे पाहिलं. त्याचा श्वास बुरुलला छातीवर लागत होता, आता तो मधेच थांबून थांबून लागू लागला.

कालिपानं शेगडीत एक शेणी सरकवली. मग म्हणाली, "त्या दिवशी तू काय म्हटलंस ते मी ऐकलं होतं."

बुरुलनं बुरणूस बाळाच्या डोक्यावरून आणखी ओढला.

"ऐकलं आणि मला बरं वाटलं," म्हातारी म्हणाली. "वाटलं, सून काय गुणाची आहे, तेवढ्यातही सासऱ्याचा मान राखला. माझ्या नवऱ्याचं नाव राखलं. मी तेव्हाच तुला हलवून सांगायला हवं होतं, पण मी बसून राहिले, मनातून सुखावून."

"एने, मी चुकले?"

"कुत्रं म्हणा, पाखरू म्हणा, ते नाव कशासाठी आहे गं? त्याला कळू नये म्हणून. मग त्या नावानं मूल दिलंस तर त्याला कळणार कसं? तू दिलंस, त्याला पोचलं नाही. तो रोज येऊन विचारतोय, हे कुणाचं?"

शेगडीत शेणी ढासळली. बुरुलला वाटलं आपल्या आत काहीतरी तसंच ढासळतंय. तिचा सगळा संसार तोंड आवरण्यावर उभा होता. तेवढी एकच गोष्ट तिला चांगली येत होती, असं लोक म्हणत.

"तुम्ही घ्या ना नाव," ती म्हणाली. "तुम्ही आजी आहात. घ्या तुम्ही."

"देणारी आई असते." कालिपा शेगडीकडे बघत होती. "आणि मी घेतलं तर तो माझ्याकडे येईल. पाच वर्षं दात ओठ आवळून बसले आहे मी. तुला काय वाटतं, मला ते नाव घ्यावंसं वाटत नाही? एकदाच, मोठ्यानं, दार उघडून?"

बुरुलनं सासूच्या तोंडून असं काही कधी ऐकलं नव्हतं. मग तिनं विचारलं, घेतलं तर पुढं काय?

कालिपानं लपवलं नाही. माझ्या सासूनं नाव घेतलं आणि तिचा मुलगा जगला, ती म्हणाली. लग्न झालं, मुलं झाली, मेंढ्या राखल्या, हसला, म्हातारा होऊ लागला. आणि मग एक दिवस घोड्यावरून उतरला, लगाम नीट बांधला, टोपी काढून ठेवली. दिलेलं मूल शेवटी जिथलं तिथं जातं. कधी, ते कुणाला ठाऊक नसतं.

"मधली वर्षं मात्र आपली," कालिपा म्हणाली. "ती कमी नसतात, केलिन. मी घेतली आहेत."

बाळाचा श्वास थांबला. बुरुलनं मोजलं नाही, मोजायला भान नव्हतं. तिनं त्याची पाठ चोळली आणि तो पुन्हा लागला, कोळ्याच्या जाळ्याएवढा बारीक. ती उठली. बाळ तसंच अंगाला बांधलेलं. दाराशी गेली आणि अडसराला हात लावला. तिला सासऱ्यांची वाकलेली पाठ आठवली, त्यांची ती माफी मागणारी नजर, आणि ती मनात म्हणाली, अता, माफ करा, मला दुसरं काही देता येत नाही.

तिनं अडसर काढला नाही. बंद दाराला कपाळ टेकवलं आणि म्हणाली, "हा तुझ्या घासातून निघाला. हा तुझाच. आपल्याच पोराला कुणी खात नाही."

आणि मग नाव घेतलं. पहिल्यांदा नुसती कुजबुज निघाली. दुसऱ्यांदा आवाज फुटला. तिसऱ्यांदा ती घसा फाटेस्तो ओरडली.

"ब्योरू. ब्योरू. ब्योरू!"

बाहेर वादळ चालूच होतं, पण दारासमोरच्या त्या हातभर जागेत जणू वारा पडला. शेगडीमागून मोयनोक बाहेर आला. त्याचे कान उभे होते. तो दारापाशी येऊन बसला आणि त्याची शेपूट जमिनीवर आपटू लागली. मालक घरी आल्यावर आपटायची तशी.

मग दाराबाहेर कुणीतरी खाकरलं. आधी दोनदा कोरडं. मग जरा थांबून एकदा लांब.

बुरुलचा हात आपसूक वर गेला आणि तिनं रुमाल पुढं ओढला. घाबरायचं होतं ते नंतर सुचलं. आधी हात गेला.

मागं कालिपा सरकत होती. दारासमोरची, घरधन्याची जागा, जिच्यावर पाच वर्षं कुणी बसलं नव्हतं, तिथली उशी ती झटकत होती. तिचा आवाज अगदी रोजचा होता. "घे त्यांना आत, केलिन. बाहेर थंडी आहे."

बुरुलनं अडसर काढला आणि बाजूला झाली, मान खाली घालून, सून होते तशी. दार आत ढकललं गेलं. थंडीचा एक लोट तिच्या अंगावरून आत गेला आणि त्याला ओल्या लोकरीचा, घोड्याच्या घामाचा वास होता. कुणी दिसलं नाही. तिनं उंबऱ्याबाहेर पाहिलं. बर्फात माग होता, थेट उंबऱ्यापर्यंत आलेला. परत गेलेला नव्हता.

तेवढ्यात तिच्या छातीवरचं बाळ टाहो फोडून रडलं. जन्मल्यापासून ते असं रडलं नव्हतं. तोंड उघडून, लाल होऊन, सगळ्या जगावर रागावून. मग त्यानं छाती शोधली आणि इतक्या जोरानं ओढू लागलं की बुरुल कळवळली, आणि हसली, आणि भिंतीला पाठ लावून खाली बसली. कालिपानं मिठाचा चहा केला. तीन वाट्या भरल्या. एक सुनेला, एक आपल्याला, आणि एक त्या उशीसमोर ठेवली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. त्या वाटीतला चहा कुणी प्यायलं नाही. पण संध्याकाळी बुरुल आवरायला गेली तेव्हा वाटी गार नव्हती.

वादळ निवळल्यावर मेदेर नर्सला घेऊन आला. नर्सनं बाळ तपासलं, म्हणाली छातीत कफ होता, आपोआप सुटला, नशीबवान आहात. जापारअके आले, भरपूर जेवले आणि या वेळी आठवणीनं लांबलचक आशीर्वाद देऊन गेले. माग पुन्हा दिसला नाही. मेंढवाड्यातली मेंढी त्या वर्षी गेली नाही, त्यानंतरही नाही.

बुरुलनं ते नाव परत कधी घेतलं नाही. मेदेरला तिनं काय सांगितलं आणि काय नाही, ते तिलाच ठाऊक. कालिपा दोन वर्षांनी गेली. शेवटच्या दिवशी दाराकडे बघून तिनं एक शब्द उच्चारला, मोठ्यानं आणि खुशाल, आणि घरातल्या सगळ्यांनी तो न ऐकल्यासारखं केलं.

तोक्तो आता पाच वर्षांचा आहे. दणकट आहे, हट्टी आहे, मेंढ्यांच्या शेपट्या ओढतो. पडला तर रडत नाही. बुरुल त्याच्या गालांचे मुके घेते आणि मनात म्हणते, मधली वर्षं आपली, मधली वर्षं आपली. कधी कधी रात्री ती त्याच्या पायांना हात लावून बघते, ते माणसाचेच आहेत ना म्हणून.

त्याला आजोबांबद्दल कुणी काही सांगितलेलं नाही. तशी घरात तंबीच आहे. पोर दिवसभर बाहेर खेळतं, आणि दिवस कलला, शेगडीवर मटण शिजू लागलं की परत येतं. आई आत एकटी असेल तर ते एकदम दार ढकलत नाही. उंबऱ्यापासून हातभर अंतरावर थांबतं आणि खाकरतं. आधी दोनदा कोरडं, मग जरा थांबून एकदा लांब.

आणि आत बुरुलचा हात रुमालाकडे जातो.